पंधरामंडळाचे अकरा जण

कापारी, ३० ऑक्टोबर १९८६

प्रिय थ्रासिवुलोस मामा,

आधी खुर्चीत नीट बस, मग वाच. तुझी भाची शाळेच्या पंधरामंडळाची अध्यक्ष झाली! आईला धावत जाऊन सांगितलं, तर म्हणाली, "छान झालं. आता शेळ्यांना पाणी दाखवा, अध्यक्षबाई."

तू इथे असताना आपल्या बेटावर माध्यमिक शाळाच नव्हती, म्हणून तुला गंमत समजावून सांगते. विद्यार्थी मंडळाला सगळा देश पंधरामंडळ म्हणतो, कारण त्यात पंधरा जण निवडतात. आमच्याकडे सहा वर्षांचे सहा वर्ग धरून मुलंच मुळी अकरा. मग पंधरा आणायचे कुठून? आमचे हेडमास्तर व्लास्तोस सर नियमांचं पुस्तक घेऊन बसले, दोनदा चष्मा पुसला, आणि शेवटी म्हणाले, "सगळेच या मंडळात. एखादा बाहेर राहिला तर तुम्ही दहा जण मिळून त्या एकट्यावर राज्य कराल." तेव्हा उमेदवार अकरा, मतदार अकरा, निवडून आले अकरा. झुंज झाली ती फक्त अध्यक्षपदासाठी. मला सहा मतं, आर्गीरिसला पाच. आर्गीरिस म्हणजे मासेमार यानिसकाकांचा मुलगा, माझ्याच वर्गातला. आमचा वर्ग म्हणजे तो आणि मी. तो म्हणाला, सेव्हास्ती तुझी सख्खी बहीण, तिचं मत धरू नका. मी त्याच्याशी तासभर भांडले. नंतर कळलं की सेव्हास्तीने मत त्यालाच दिलं होतं, कारण मी तिची लाल रिबन घेतली होती.

परवा अठ्ठावीस ऑक्टोबरला राष्ट्रीय दिनाच्या संचलनातही तेच. झेंडा धरणारा एक, त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून पाच, झाले सहा. मागे विद्यार्थ्यांची फौज म्हणून चालले पाच. बघायला धक्क्यावर नऊ माणसं आणि पाद्रीबाबांचं गाढव. पण मामा, पावलं अशी जुळली होती की बघत राहावं.

आता कामाचं. गणिताच्या बाईंची नेमणूक सप्टेंबरात झाली म्हणतात, पण त्या अजून बोटीतून उतरल्या नाहीत. मंडळाचा पहिला ठराव हाच आहे: गणित हवं. तू शिक्षण कार्यालयात आहेस. अर्ज कोणाला लिहायचा, तेवढं सांग. सोबत केपरच्या कळ्यांची बरणी पाठवतेय, आईने खारवलेली. खलाशाने उघडली असेल तर मला कळव, त्याच्याकडे बघते.

तुझी भाची,
झाम्बेता (अध्यक्ष)

*

मोठं बेट, १२ नोव्हेंबर १९८६

चि. झाम्बेता हिला मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कार्यालयात सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्याकडे कॉफी आणणारा म्हातारा मिखालिसही ऐकत होता; गाढवाचा उल्लेख आला आणि हसून हसून त्याच्या हातातला पेला कलंडला. बरणी सुखरूप पोचली. तुझ्या आजीचंच नाव तुला ठेवलंय, तिच्याच हातची चव तुझ्या आईकडे आली आहे. कळ्या तोंडात टाकल्या आणि क्षणभर आपला धक्का दिसला.

अर्जाचं असं आहे. "आम्ही मागणी करतो" असं लिहू नये, "विनंती आहे" असं लिहावं. हेडमास्तरांमार्फत पाठवावा. वर तारीख, खाली शिक्का. आवक नोंदवहीत क्रमांक पडला नाही तर तो कागद जन्मालाच आला नाही असं समज. मी तेवीस वर्षं हेच करतोय, म्हणून सांगतो. वरिष्ठांना उगाच डिवचण्यात अर्थ नसतो. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये.

इथल्या माध्यमिक शाळेला यंदा नवी इमारत मिळाली. गणिताचे दोन शिक्षक आहेत, प्रयोगशाळा आहे. वसतिगृहात आता गरम पाणीही येतं. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

सेव्हास्तीच्या पायाचं माप कळव. बाराव्या वर्षी पाय भराभर वाढतात.

तुझा,
थ्रासिवुलोस मामा

*

कापारी, २४ नोव्हेंबर १९८६

प्रिय मामा,

आम्ही अर्जात तीन वेळा विनंती, दोन वेळा नम्र आणि एकदा कृपावंत घातलं. आर्गीरिस म्हणाला, आणखी एक कृपावंत घातलं तर तो अर्ज न राहता आरती होईल. सरांमार्फत पाठवला. आठ दिवसांनी परत आला: "विहित नमुन्यात नाही." नमुना कुठे मिळेल विचारलं, तर म्हणे नमुन्यासाठी अर्ज करा!

आणि तुझ्या त्या म्हणीबद्दल. मामा, आम्ही कापारीची माणसं. आम्ही माशाशी वैर करत नाही, आम्ही मासे धरतो.

सतरा तारखेला सर दरवर्षीप्रमाणे बोलले. तेरा वर्षांपूर्वी लष्करी हुकूमशाहीविरुद्ध राजधानीतल्या विद्यार्थ्यांनी कॉलेजचं गेट आतून बंद करून घेतलं, रणगाडे आले तरी ते घाबरले नाहीत, वगैरे. दरवर्षी हेच भाषण असतं आणि दरवर्षी त्याच वाक्याला त्यांचा आवाज फुटतो. यंदा मला वाटलं, ते आमच्याकडे बघून बोलताहेत. का ते दुसऱ्या दिवशी कळलं. बोटीवरचा स्वयंपाकी धक्क्यावर सांगत होता की कापारीची शाळा बंद होणार, मुलं मोठ्या बेटाच्या वसतिगृहात टाकणार. सरांना विचारलं तर त्यांनी फळा पुसायला घेतला. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

म्हणून तुलाच विचारते. तू तिथे बसतोस, कागद तुझ्या हाताखालून जातात. हे खरं आहे का? मला हो किंवा नाही एवढंच लिही. माझं एक वर्ष राहिलंय, मी कशीही काढीन. पण सेव्हास्ती अजून आईच्या कुशीत झोपते, आणि दात पडला तर मला दाखवायला येते. तिला मी वसतिगृहात जाऊ देणार नाही. हे मी अध्यक्ष म्हणून लिहीत नाहीये.

पायाचं माप छत्तीस. पण वसतिगृहातल्या गरम पाण्याचं तुला एकदम कसं काय आठवलं?

झाम्बेता

*

मोठं बेट, १० डिसेंबर १९८६

चि. झाम्बेता,

दक्षिणेचा वारा सुटल्याने बंदर कार्यालयाने आठ दिवस बोटी सोडल्या नाहीत, म्हणून उत्तराला उशीर.

बोटीवरच्या स्वयंपाक्यांवर विश्वास ठेवू नये. त्यांना सूप धड जमत नाही, बातम्या कुठून जमणार? कार्यालयात अनेक कागद फिरत असतात, सगळ्यांचे काही आदेश होत नाहीत. अजून कशावरही शेवटची सही झालेली नाही. यापेक्षा जास्त लिहिणं माझ्या जागेवरच्या माणसाला शोभत नाही.

पण समज, उद्या तसं काही झालंच, तर आभाळ कोसळत नाही. मीही बाराव्या वर्षीच इथे आलो. १९५० सालची गोष्ट. अंगावर नवा सदरा होता, मी ऐटीत बोटीत चढलो, आणि तुझी आजी धक्क्यावर हसत हात हलवत होती. काय बिघडलं माझं? शिकलो, नोकरीला लागलो, डोक्यावर छप्पर आहे. चार भिंतींबाहेरचं जग लवकर दिसलं तर मूल शहाणं होतं.

सेव्हास्तीसाठी बूट पाठवतोय, एक माप मोठेच घेतलेत. आत लोकरीचं अस्तर आहे. सांभाळून वापर म्हणावं.

नाताळच्या शुभेच्छा. आईला सांग, बदामाच्या वड्यांची वाट बघतोय.

तुझा मामा

*

कापारी, १५ जानेवारी १९८७

माझ्या लबाड, धूर्त, लाडक्या मामा,

तू काय माणूस आहेस! मी महिनाभर तुझ्यावर धुमसत होते. हो नाही, नाही नाही, नुसते बूट पाठवलेस. वड्यांतले बदाम मी मुद्दाम कमी केले होते. आता माझी चूक मान्य करते, पुढच्या डब्यात दुप्पट घालीन.

सोमवारच्या बोटीने आदेश आला. कापारीची शाळा मोठ्या बेटावरच्या शाळेत विलीन. एकतीस जानेवारीपर्यंत बाकं, नकाशे, दप्तर बोटीत चढवा, मुलांनी फेब्रुवारीपासून तिथे हजर व्हावं. सरांनी आम्हाला एकत्र बसवलं आणि वाचायला घेतलं. पहिल्या परिच्छेदाला कोणी हललं नाही. सेव्हास्तीने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. मग दुसरा परिच्छेद आला. मी तो पाठ केलाय:

"सदर शाळेच्या पंधरा-सदस्यीय विद्यार्थी मंडळाचे मत घेण्यात आले असून मंडळाने विलीनीकरणास एकमताने, पंधरा विरुद्ध शून्य मतांनी, संमती दिलेली आहे."

 सेव्हास्ती बोटं मोजायला लागली. दोन्ही हातांची संपली, मग आर्गीरिसचं एक बोट घेतलं, आणि म्हणाली, "ताई, अजून चार जण कोण?"

मामा, आम्ही आधी एकमेकांकडे बघितलं. नंतर बाकांखाली बघितलं, कपाटामागे बघितलं. मग जे हसायला लागलो! सर हसता हसता रडले. आम्हाला कोणी काही विचारलंच नव्हतं. मंडळाची सभा नाही, मत नाही, काही नाही. आणि कागदावर आम्ही पंधरा जणांनी आपल्याच शाळेचा गळा दाबलाय!

तेव्हा कागदाच्या तळाशी डावीकडे माझं लक्ष गेलं. मसुदा करणाऱ्याची बारीक अक्षरं: थ्रा. कुं. थ्रासिवुलोस कुंदूरीस. मी पहिल्याच पत्रात तुला लिहिलं होतं की आम्ही अकरा आहोत. तुला माहीत होतं! तू हे मुद्दाम केलंस. त्यांच्या नाकासमोर, त्यांच्याच कागदात अशी चूक पेरलीस की ती वाचून कुठलाही मंत्री लाजेल. मी सगळ्यांना सांगितलं, हा माझा मामा. आर्गीरिसने टोपी काढली.

पुढचं ऐक. त्याच दुपारी आम्ही गेटला साखळी घातली, आर्गीरिसच्या वडिलांच्या नांगराची. ते चार दिवस समुद्रात गेलेले नाहीत, नावेला नांगर नाही ना. विचारलं की म्हणतात, "वारा आहे." वारा वगैरे काही नाही. गेटवर पाटी लावली आहे: "पंधरांपैकी चार विद्यार्थी बेपत्ता. सापडेपर्यंत एकही बाक हलणार नाही."

शहरातली मुलं शाळेचा कब्जा घेतात ती तास बंद पाडायला. आम्ही घेतलाय तो तास चालू ठेवायला. सर पहिल्या दिवशी गेटबाहेर उभे राहून म्हणाले, "मी सरकारी नोकर आहे. विद्यार्थ्यांनी अडवलेल्या गेटातून मी आत येऊ शकत नाही." आणि शेळ्यांच्या वाटेने वळसा घालून मागच्या भिंतीवरून आले. गणिताच्या बाई नाहीत, म्हणून लहानांना अपूर्णांक मी शिकवते. चार भागिले पंधरा म्हणजे काय, हे आता सगळ्यांना येतं.

आईच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. म्हणाली, "थ्रासिवुलोसने शेवटी आपलं बेट राखलं."

तुझी,
झाम्बेता, अध्यक्ष

*

मोठं बेट, २५ जानेवारी १९८७

झाम्बेता,

तुझं पत्र आल्यापासून दहा वेळा कागद घेतला आणि दहा वेळा फाडला. गप्प राहिलो असतो तर तुमच्या घरात माझा फोटो फुलं घालून लागला असता. मोह झाला. दोन दिवस मी कार्यालयातही जरा ताठ चाललो.

पण मी ते मुद्दाम केलेलं नाही, पोरी.

खरं असं आहे. ऑक्टोबरपासून ही यादी माझ्या टेबलावर आहे. सहा लहान बेटांच्या सहा शाळा. सहाही आदेशांचा मसुदा माझाच. त्या नमुन्यात विद्यार्थी मंडळाच्या मताचा एक रकाना आहे. तो रिकामा ठेवला तर कागद पुढे सरकत नाही, आणि मत घ्यायला कोणी जात नाही. साहेब म्हणाले, "भरून टाका, कुंदूरीस." मी भरून टाकला. पंधरामंडळ म्हटलं की हात आपोआप पंधरा लिहितो. सहाही ठिकाणी पंधरा विरुद्ध शून्य लिहिलंय. तुझं अकरांचं पत्र माझ्याच खणात होतं, मीच ते सगळ्यांना वाचून दाखवलं होतं, आणि तरी टंकयंत्रावर बसलो तेव्हा मला तू आठवली नाहीस. यात शौर्य काही नाही. ही नुसती सवय आहे, आणि तिची मला लाज वाटते.

आणि तू हो की नाही विचारलंस तेव्हा उत्तर हो होतं. मी बूट पाठवले.

आता नीट ऐक. तुमची पाटी कुणीतरी वर्तमानपत्राला कळवली. साहेब संतापले आहेत. त्यांनी आदेश दुरुस्तीला परत मागवला आहे, आणि दुरुस्ती मलाच करायची आहे: पंधराच्या जागी अकरा. अकरा विरुद्ध शून्य, एकमताने. बाकी सगळं तेच. पुढच्या बोटीने दोन पोलीस येतील, ते साखळी तोडतील. आर्गीरिसच्या वडिलांचा परवाना जाईल, सरांची बदली होईल. तू अजून लहान आहेस, हे लोक तुला ठाऊक नाहीत. गेट उघडा. मी तुझ्या पाया पडतो, गेट उघडा.

माझी निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत. हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल.

थ्रासिवुलोस

*

कापारी, ४ फेब्रुवारी १९८७

माननीय श्री. थ्रासिवुलोस कुंदूरीस,
लिपिक, शिक्षण कार्यालय, यांस,

आपले दिनांक २५ चे पत्र मिळाले. ते चुलीत घातलेले नाही. पंधरामंडळाच्या इतिवृत्तात चिकटवलं आहे, पान सात.

सभेत ते मी स्वतः वाचून दाखवलं, कारण खोटं मीच सांगितलं होतं, हा माझा मामा म्हणून. आर्गीरिस हसला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने नुसती टोपी पुन्हा डोक्यावर घातली. तुमच्या नावाचा अर्थ शाळेत आम्हाला शिकवला होता: धाडसी निश्चयाचा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा!

पोलीस येऊन गेले. दोघांपैकी एकाला बोट लागली होती, त्याला आईने लिंबू दिलं. दुसऱ्याने साखळीकडे बघितलं, आतून सेव्हास्ती बेरीज म्हणत होती ते ऐकलं, आणि म्हणाला की एवढी जाड साखळी तोडायचं हत्यार आणलेलं नाही. गुरुवारी आणतो म्हणाला. त्या गुरुवारी वारा होता. या वेळी खरोखरचा.

आम्ही गेट उघडणार नाही. सरांना सांगितलं, तुमची बदली होईल. ते म्हणाले, "मी भिंतीवरून येतो, मला कोण बघतंय?" यानिसकाकांना सांगितलं, परवाना जाईल. ते म्हणाले, "मुलं गेली तर मासे कोणाला खाऊ घालू, गाढवाला?" भीती वाटतच नाही असं नाही. मला फार वाटते. पण तुम्ही आम्हाला घाबरवायला लिहिलंत, आणि मला तुमचा राग आला, आणि रागात भीती मागे पडली. त्याबद्दल आभार.

तुम्ही लिहिलं होतं, नवा सदरा, ऐटीत चढलात, आजी हसत होती. आईला वाचून दाखवलं.  ती म्हणाली, "मी सात वर्षांची होते. मी तिथेच होते." तिने सांगितलं की तुम्ही धक्क्यावरच्या दोरखंडाला मिठी मारली होती. बोटीने तीनदा भोंगा दिला. खलाशी ओढत होता, तुम्ही सोडत नव्हता. शेवटी आजीने स्वतः येऊन तुमचं एकेक बोट सोडवलं. सदऱ्याची बाही खांद्यापासून उसवली. घरी आल्यावर आजी तीन दिवस जेवली नाही. तुम्ही ऐटीत गेला नव्हता, मामा. तुम्ही आमच्याहून मोठी लढाई केली होती, आणि ती एकट्याने केली होती. मग ती लपवता कशाला?

असो. सोबत मंडळाचा ठराव जोडला आहे. मूळ प्रत आहे, सरांमार्फत, तारीख आणि शिक्क्यासह. विनंती नाही, नम्र नाही, कृपावंत तर नाहीच. ठराव असा: "कापारीच्या मुलांना कोणी काही विचारलेलं नाही. आता विचारलं असं समजून आम्ही उत्तर देतो: नाही." मतं शून्य विरुद्ध अकरा. खाली सह्या, प्रत्येकीपुढे वर्ग. सेव्हास्तीने तुमचे बूट घालून सही केली, उंच दिसावं म्हणून.

तुमच्या कार्यालयाला पंधरा हवे आहेत. म्हणून आम्ही पंधरा ओळी आखल्या आहेत. अकरा भरल्या, चार रिकाम्या आहेत. ज्यांना आपापल्या बेटावर शाळा हवी होती आणि मिळाली नाही, अशांसाठी त्या राखून ठेवल्या आहेत. बाराव्या ओळीवर तुमचा हक्क पहिला.

ही सही करा किंवा ती दुरुस्ती टंकून द्या. दोन्ही होणार नाही.

झाम्बेता रूसू,
अध्यक्ष, पंधरामंडळ, कापारी

*

मोठं बेट, २३ फेब्रुवारी १९८७

चि. झाम्बेता हिला,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, तरी लिहितो.

तुझं पत्र आलं तेव्हा दुरुस्तीचा कागद टंकयंत्रात अर्धा चढवलेला होता. "अकरा" हा शब्द टंकून झाला होता. तो कागद मी तसाच बाहेर ओढला. मिखालिसला विचारलं, "तू कुठल्या बेटाचा रे?" वीस वर्षं त्याच्या हातची कॉफी पितोय, कधी विचारलं नव्हतं. त्याने नाव सांगितलं. आमच्या यादीतलंच एक बेट निघालं. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला सही येत नाही, शाळाच कुठे होती?" आणि पेन मागितलं. तेराव्या ओळीवर त्याने फुली मारली आहे. बाराव्या ओळीवर माझी सही आहे. तू वर्ग लिहायचा रकाना ठेवला होतास. त्यात मी लिहिलं: पहिलं वर्ष, प्रवेश १९५० पासून बाकी.

मग तो ठराव मी आवक नोंदवहीत चढवला. क्रमांक २१४. वरून शिक्का मारला, इतक्या जोरात की खालच्या कागदावर उमटला. आता तो कागद जन्माला आला आहे, साहेबांनी फाडला तरी नोंद राहते. त्यासोबत माझा स्वतंत्र जबाब जोडला: सहाही शाळांतल्या मंडळांचं मत कुणीही घेतलेलं नाही, ते आकडे माझ्या हातचे आहेत आणि खोटे आहेत. एक प्रत मंत्रालयाला, एक वर्तमानपत्राला. या वेळी सही पूर्ण नावाने केली.

साहेबांनी मला बोलावून एवढंच विचारलं, "कुंदूरीस, तुम्हाला वेड लागलंय का?" मी म्हटलं, "विहित नमुन्यात विचारा." झाम्बेता, हे मी खरंच म्हणालो. मलाही पटत नाहीये.

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली आहे. कामावरून तूर्त दूर. निवृत्तीचं काय होईल ते देव जाणे. सहाही आदेश चौकशी होईपर्यंत थांबवले आहेत. थांबवले, रद्द केलेले नाहीत, हे लक्षात ठेव आणि साखळी काढू नका. यानिसकाकांना नवा नांगर मी घेऊन येतो, म्हणजे जुना तुमच्याकडेच राहील.

चौदा आणि पंधरा या ओळी रिकाम्याच राहिल्या. दोघातिघांना विचारलं, त्यांनी मान खाली घातली. त्यांना मी नावं ठेवत नाही, महिन्यापूर्वी मीही तेच केलं असतं.

दोरखंडाची गोष्ट खरी आहे. आई हसत नव्हती. सदतीस वर्षं मी ती हसत होती असं सांगत आलो, आधी दुसऱ्यांना, नंतर स्वतःला, कारण ती बोटं तिने सोडवली हे मला सहन होत नव्हतं. पण तिच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता, बेटावर शाळाच नव्हती. तुमच्याकडे ती आहे. सेव्हास्तीची बोटं कोणी सोडवू नयेत म्हणून मी ही सही केली, दुसऱ्या कशासाठी नाही.

गुरुवारच्या बोटीने येतोय. मी चढताना रडलो होतो, आता उतरताना रडलो तर आर्गीरिसला सांग, वारा आहे. गेट उघडू नकोस, माझ्यासाठीसुद्धा नाही. शेळ्यांची वाट मला अजून आठवते. भिंतीवरून येईन. सकाळच्या हजेरीत बारावं नाव घे, आणि जरा मोठ्याने घे. माझं "हजर" धक्क्यापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.

तुझा मामा,
थ्रासिवुलोस कुंदूरीस
सदस्य, पंधरामंडळ, कापारी